काल तर चालत होतं!

रात्री ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड झाली. सकाळी टर्मिनल उघडलं, ‘मेक’ टाइप केलं आणि पडदाभर एरर. कोडमधला स्वल्पविरामही हललेला नाही. मग प्रत्येक प्रोग्रॅमरच्या तोंडून एकच वाक्य निघतं: काल तर चालत होतं!

चालत होतं, मान्य. पण काल ते ज्याच्या जोरावर चालत होतं, ते आज जागेवर आहे का?

कोड तेवढा आपला. कंपायलर, लिंकर, हेडर फाइली, लायब्रऱ्या आणि या सगळ्यांचे पत्ते सिस्टिमचे. अपग्रेडमध्ये बदलतं ते नेमकं हेच. तरीही माणूस आधी स्वतःचाच कोड उसवायला बसतो. चोरी शेजारी झाली आणि झडती घरच्यांची!

दुसरी सवय याहून महागात पडते. पडद्यावरची शेवटची ओळ वाचायची. तिथे असतं ‘मेक’, तीन चांदण्या आणि ‘एरर १’. ही ओळ उचलून लोक इंटरनेटवर उत्तर शोधतात. अहो, फुटलेल्या निम्म्या बिल्डांची शेवटची ओळ हीच असते! मेकने एक कमांड चालवली आणि ती नापास होऊन परत आली, एवढाच तिचा अर्थ. का नापास झाली, हे खुद्द मेकलाही माहीत नसतं.

म्हणून वर जायचं. आणखी वर. ‘एरर’ हा शब्द जिथे पहिल्यांदा आला तिथे थांबायचं. खाली दिसणारे पन्नास एरर बहुतेक वेळा त्या एकाचीच पिलावळ असतात.

पण पहिला एरर सापडणंही सोपं ठेवलेलं नाही. वेळ वाचावा म्हणून आठ-आठ कामं एकदम चालवायची पद्धत आहे. मग आठ जणांचं बोलणं एकमेकांत मिसळतं. एक फाइल रडत असते, दुसरी मजेत पुढे जात असते, आणि रडण्याचा आवाज चारशे ओळी मागे राहतो. उपाय साधा: बिल्ड फुटला की पुन्हा एकच काम लावून चालवा. हळू चालेल, पण सरळ बोलेल.

ग्नू मेकमध्ये २०१३ साली, ४.० या आवृत्तीत, प्रत्येक कामाचं आउटपुट वेगळं बांधून दाखवायची सोय आली. मॅकवाल्यांना मात्र तिचा उपयोग नाही. ॲपल आजही सोबत देतं ते ३.८१, म्हणजे २००६ सालचं मेक. पुढच्या आवृत्त्यांचं लायसन्स बदललं आणि ॲपलने तिथेच हात आखडता घेतला. सिस्टिम दरवर्षी नवी, मेक वीस वर्षांपूर्वीचं. याला अपग्रेड म्हणायचं?

मॅकचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बघू. दर पावसाळा सरताना मॅकची नवी आवृत्ती येते आणि तिच्यामागोमाग ‘एक्सकोडरन’चा एक ठरलेला एरर येतो: डेव्हलपर साधनांचा सध्याचा पत्ता अवैध आहे. गंमत पाहा, हा एरर अनेकांना दिसतो तो ‘गिट’ टाइप केल्यावर. कारण मॅकवरचं गिट म्हणजे नुसती दारावरची पाटी. खरं गिट त्या डेव्हलपर साधनांच्या पेटीत असतं आणि अपग्रेडनंतर ती पेटी निकामी झालेली असते. लोक गिट पुन्हा बसवतात. बिघाड पेटीत, डागडुजी पाटीची.

इलाज एका ओळीचा आहे. ‘एक्सकोड-सिलेक्ट’ला ‘इन्स्टॉल’ सांगायचं, साधनं परत बसतात. मग हीच ओळ त्या एररमध्ये छापायला कुणाचं काय जात होतं? संदेश लिहिणाऱ्याला उपाय ठाऊक होता. वाचणाऱ्याला नव्हता. आणि संदेश असतो तो वाचणाऱ्यासाठी.

आता थोडं खोलात. २०१८ साली मॅकची मोहावी ही आवृत्ती आली. तोवर सी भाषेच्या हेडर फाइली युनिक्सच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ‘यूएसआर’मधल्या ‘इन्क्लूड’ या फोल्डरात मिळायच्या. मोहावीपासून त्या तिथे आपोआप बसेनाशा झाल्या. एसडीकेच्या, म्हणजे डेव्हलपर साधनांसोबत येणाऱ्या संचाच्या, पोटात गेल्या. सवलत म्हणून एक वेगळं पॅकेज दिलं होतं आणि तेही पुढे काढून घेऊ, असं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. २०१९ च्या कॅटालिनात ते गेलं. सांगून गेलं. ऐकलं कुणी?

परिणाम? ‘एसटीडीआयओ डॉट एच सापडत नाही.’ सी शिकताना पहिल्या दिवशी पहिल्या ओळीत लिहिलेली फाइल सापडत नाही! अशा वेळी कुणाचाही धीर सुटेल. पण संदेश नीट वाचला तर तो खरंच बोलतोय. फाइल सिस्टिमवर आहे. कंपायलर जिथे शोधतोय तिथे नाही. ‘एक्सकोडरन’ला एसडीकेचा पत्ता विचारा, तो बिल्डला कळवा, काम झालं.

एवढं करण्याऐवजी काय केलं जातं? हेडर फाइली हाताने उचलून जुन्या जागी टाकायचा प्रयत्न. सिस्टिम नकार देते. द्यायलाच हवा, कारण २०१५ पासून मॅकवर सिस्टिमच्या फोल्डरांना संरक्षण आहे आणि कॅटालिनापासून तर तो अख्खा भागच फक्त वाचण्यापुरता उघडा असतो. मग कुणीतरी शहाणा सल्ला देतो: ते संरक्षणच बंद करा!

एक पत्ता चुकला म्हणून घराची कुलपं काढून फेकायची?

असले सल्ले देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सल्ला देऊन ते निघून जातात. उघडं पडलेलं मशीन मात्र ज्याला बिल्डमधलं काही कळत नव्हतं, त्याच्याकडे राहतं. आणि ते संरक्षण पुन्हा चालू करायला कुणी येत नाही.

बरं, एरर आला तर निदान कळतं तरी. अपग्रेडनंतरचं खरं भय वेगळंच आहे. मेक म्हणतं, ‘करण्यासारखं काही नाही.’ सगळं ताजं आहे, निवांत राहा. आणि आपण निवांत राहतो!

मेक असं का म्हणतं? १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं. निमित्त झालं एका सहकाऱ्याचं. त्या बिचाऱ्याची अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती, कारण चूक दुरुस्त झाली होती पण ती फाइल नव्याने कंपाइलच झाली नव्हती. फेल्डमननी त्यावर तारखांचा तोडगा काढला. मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नवी असेल तर काम करा, नाही तर सोडून द्या. पन्नास वर्षं झाली, हिशेब तोच. आणि तो चोख आहे, जोवर पायाखालची जमीन हलत नाही तोवर.

अपग्रेडमध्ये जमीनच हलते. तुमच्या फाइलीची तारीख जुनीच राहते. बदलतो तो कंपायलर, बदलतात त्या सिस्टिमच्या हेडर फाइली. मेकच्या यादीत त्या असतात का? बहुतेक प्रकल्पांत अवलंबित फाइलींची यादी कंपायलरकडूनच करून घेतात आणि त्यासाठी जो पर्याय सर्रास वापरतात, तो सिस्टिमच्या हेडर मुद्दाम वगळतो. यादी आटोपशीर राहावी म्हणून. म्हणजे नेमकं जे बदललं, तेच यादीत नाही.

मग तुम्ही दोन फाइलींत हात घातलात की त्या दोन नव्या कंपायलरने बनतात, उरलेल्या दोनशे जुन्याच राहतात. जुनं-नवं एकत्र जोडलं जातं. कधी लिंकर तक्रार करतो. कधी करत नाही आणि प्रोग्रॅम चालता चालता कोसळतो. दोष कुणाचा? अर्थात तुमच्या कोडचा! काल तर चालत होतं ना?

सीमेक वापरणाऱ्यांनी फार हसू नये. त्यांच्याकडे ‘सीमेककॅश’ नावाची फाइल आहे. पहिल्या वेळी शोधलेला कंपायलर, एसडीके, लायब्रऱ्या यांचे पूर्ण पत्ते तिच्यात नोंदलेले असतात, आवृत्तीच्या आकड्यासकट. जमीन विकली गेली तरी जुना सातबारा खिशात घेऊन हिंडावं, तशी ती फाइल. अपग्रेडने जुनं एसडीके पुसलं, सीमेक तरी त्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतं. यावर लोक ‘मेक क्लीन’ मारतात. त्याने तयार झालेल्या फाइली जातात. कॅश तिथेच राहते.

बिल्डचा फोल्डर उडवा. सबंध.

हात कापतो का? कापायचं कारण नाही. त्या फोल्डरात जे आहे ते पुन्हा बनवता आलंच पाहिजे. येत नसेल तर ते तिथे ठेवणं हीच मूळ चूक. २०२२ च्या ३.२४ आवृत्तीपासून सीमेकला ‘फ्रेश’ सांगितलं तरी ते कोऱ्या पाटीवर सुरुवात करतं. अपग्रेडनंतरची पहिली कमांड हीच असावी. एरर यायची वाटही बघू नका.

आता माझ्या आवडत्या गुन्हेगाराकडे येतो. आवृत्तीचा आकडा.

२०११ साली लिनक्स २.६.३९ नंतर थेट ३.० आलं. आत मोठं काही बदललं नव्हतं. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांना लांबलेले आकडे नकोसे झाले होते आणि लिनक्सला वीस वर्षं होत होती, इतकंच. पण जगभरच्या स्क्रिप्टांमध्ये ‘२.६’ असं तपासून घेतलेलं! पायथन आपल्या प्लॅटफॉर्मचं नाव ‘लिनक्स२’ सांगायचं, नव्या कर्नलवर बनवलेलं पायथन ‘लिनक्स३’ सांगू लागलं आणि ‘लिनक्स२’शी तुलना करणारे प्रोग्रॅम गडबडले. शेवटी कर्नलमध्येच सोय करावी लागली, जुन्या प्रोग्रॅमांना ‘मी २.६.४० आहे’ असं सांगायची. वय चोरणारी माणसं पाहिली होती. इथे कर्नललाच वय चोरावं लागलं!

यातून शहाणपण आलं का? २०२० ची बिग सर पाहा. मॅकचा आकडा दहावरून अकरावर गेला आणि आतल्या डार्विन या गाभ्याचा एकोणीसवरून वीसवर. लिबटूल नावाचं एक जुनं साधन आहे; असंख्य मुक्त प्रकल्पांची ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट त्याच्यावर चालते. त्यात डार्विन ओळखायचा नियम होता: आकडा नऊने किंवा एकने सुरू होत असेल तर ही बऱ्यापैकी नवी सिस्टिम. नऊ बसला, दहा बसला, एकोणीसपर्यंत सगळे बसले. वीस एकने सुरू होत नाही.

म्हणून जगातली सर्वांत नवी मॅक सिस्टिम लिबटूलला पुराणकाळातली वाटली! लायब्ररी जोडताना त्याने जुन्या काळचा ‘सपाट नामावली’चा पर्याय लावला. त्यात दोन लायब्रऱ्यांतली एकाच नावाची फंक्शनं एकमेकांच्या जागी पकडली जाऊ शकतात. आणि बिल्ड? बिल्ड पास. एकही एरर नाही.

तो नियम लिहिणारा मूर्ख नव्हता. एकोणीसपर्यंत पुरेल अशी तजवीज त्याने केली, ही दूरदृष्टीच म्हणायची. मात्र कॉन्फिगर स्क्रिप्ट प्रत्येक प्रकल्पाच्या गाठोड्यात बांधूनच येते. त्यामुळे लिबटूल दुरुस्त झालं तरी जुनं गाठोडं जुनाच नियम घेऊन फिरतं. होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज मॅनेजरच्या लोकांना त्यासाठी एक ठिगळ तयार ठेवावं लागलं, पॅकेजांमागून पॅकेजांना लावायला. एका अंकाची ही किंमत. आणि २०२५ मध्ये मॅकचा आकडा पंधरावरून एकदम सव्वीसवर गेला आहे! ज्याच्या स्क्रिप्टमध्ये आकडा तपासलाय त्याने आजच बघून घ्यावं.

कॉन्फिगरचं आणखी एक दुखणं सांगितलंच पाहिजे. ही स्क्रिप्ट सिस्टिमला प्रश्न कसे विचारते? एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिते, कंपाइल करून बघते. झाला तर ‘आहे’, नाही झाला तर ‘नाही’. आता यातले कित्येक चिमुकले प्रोग्रॅम फार जुने, घाईत लिहिलेले. फंक्शनची आधी ओळख न देताच ते वापरणारे. २०२० मध्ये एक्सकोड १२ ने ही ढिलाई थेट एरर ठरवली. २०२४ मध्ये जीसीसी १४ नेही तेच केलं. चाचणीचा प्रोग्रॅम नापास झाला आणि कॉन्फिगरने निष्कर्ष काढला: या सिस्टिमवर ही सोय ‘नाही’. सोय होती. प्रश्नच अशुद्ध विचारला होता.

इथे मी कंपायलरच्या बाजूने आहे, ठामपणे. ओळख नसलेल्या फंक्शनचं उत्तर कंपायलर पूर्णांक समजायचा. चौसष्ट बिटांच्या मशीनवर पत्ता परत करणाऱ्या फंक्शनचा अर्धा पत्ता त्यात कापला जायचा. सी भाषेच्या १९९९ च्या मानकातून ही सवलत गेली होती. त्यानंतर दोन दशकं वॉर्निंग येत राहिली. दोन दशकं ती पुढे ढकलली गेली. मग एके दिवशी वॉर्निंगचा एरर झाला, तर ‘अचानक’ कसं म्हणता?

‘कॉन्फिग डॉट लॉग’ उघडा. प्रत्येक प्रश्न, त्याचा प्रोग्रॅम, कंपायलरचं उत्तर, सगळं तिथे ओळीने लिहिलेलं असतं. उबुंटूवर कर्नल बदलल्यावर ग्राफिक्स कार्डाचं मॉड्यूल बनत नाही, तेव्हाही सिस्टिम लॉगचा पूर्ण पत्ता देऊन तो वाचायला सांगते. पत्ता समोर छापलेला असतो आणि माणूस मशीन फॉर्मॅट करायला निघालेला असतो.

लिनक्सवाल्यांना मॅकच्या नावाने बोटं मोडायला आवडतं. त्यांचंही ऐका. उबुंटू २२.०४ ने ओपनएसएसएल तीनवर उडी घेतली आणि जुन्या प्रोग्रॅमांना १.१ ची लायब्ररी सापडेना. तोडगा काय निघाला? नव्या फाइलीला जुन्या नावाची लिंक करून देणं. नाव जुळलं, आतला करार कुठे जुळतो? पुढचा एरर लगेच सांगतो की आवश्यक आवृत्ती या फाइलीत नाही. पाटी बदलून वैद्य होता येत नाही, हे लायब्ररीला कळतं.

डेबियन १२ ने २०२३ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये ‘पिप’ने परस्पर काही बसवायला मनाई केली. संदेशात कारण आहे, वेगळं आभासी वातावरण करायची रीतही आहे. नमुनेदार एरर! तरी लोक शोधतात तो एकच पर्याय, मनाई मोडायचा. त्या पर्यायाच्या नावातच ‘सिस्टिमची पॅकेजेस मोडा’ असं स्वच्छ लिहिलंय. एंटर दाबताना डोळे कुठे असतात?

मात्र एका वाचकाबद्दल मला आस्था आहे. मराठी माध्यमातून शिकून इंजिनिअरिंगला आलेला, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अंगावर आलेला, कॉलेजच्या लॅबमधलं मशीन सुट्टीत कुणीतरी अपग्रेड केलेलं. त्याला पडदाभर इंग्रजी दिसतं आणि तो वाचणंच सोडतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की यात कामाची वाक्यं मोजकी आहेत. कंपाइल होताना ‘अशी फाइल नाही’ म्हटलं तर हेडरचा पत्ता चुकला. डेव्हलपमेंटचं पॅकेज बसवायचं किंवा पत्ता द्यायचा. लिंक होताना ‘अपरिभाषित’ म्हटलं तर हेडर मिळाली पण लायब्ररी मिळाली नाही, किंवा दुसऱ्याच आवृत्तीची मिळाली. बिल्ड पास होऊन चालवताना लायब्ररी उघडत नाही म्हटलं तर प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवर बनलाय, नव्याने बनवायचा. तिन्ही ठिकाणी तक्रार ‘सापडत नाही’ अशीच असते, पण इलाज वेगळा.

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला एक तास एवढ्यासाठी द्यायला काय हरकत आहे? बिल्ड मुद्दाम फोडा, आउटपुट छापून हातात द्या आणि पहिला एरर कोणता ते विचारा. लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम मुलं पाठ करून येतात. आउटपुट पाठ करता येत नाही, ते वाचावंच लागतं.

आणि मदत मागताना मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो पाठवू नका. त्यात शेवटच्या वीस ओळी असतात, म्हणजे सर्वांत निरुपयोगी वीस ओळी. सगळं आउटपुट फाइलीत घ्या, एररसकट. सिस्टिमची जुनी-नवी आवृत्ती, कंपायलरची आवृत्ती आणि कंपायलर नेमका कुठून चालतोय तो पत्ता, एवढं सोबत द्या. कित्येकदा हे गोळा करतानाच उत्तर दिसतं.

अपग्रेडचं बटण दाबण्याआधीही एक काम आहे. चालू असलेला बिल्ड कोऱ्या फोल्डरात, एकच काम लावून चालवा आणि त्याचं पूर्ण आउटपुट जपून ठेवा. यशस्वी बिल्डचं आउटपुट कुणी ठेवत नाही. पास झालं की खिडकी बंद. अपग्रेडनंतर तसंच पुन्हा चालवा आणि दोन्ही फाइली ‘डिफ’ला द्या. वेळा, तारखा वेगळ्या दिसतील, त्या सोडून द्या. काल ‘आहे’ आणि आज ‘नाही’ अशी पहिली ओळ दिसली की तिथे थांबा. तिच्या खालचं इतक्यात वाचू नका.